कीर्तिमुखाचा खालचा जबडा

माझं काम कवळ्या करण्याचं. मी डेंटिस्ट नाही. डेंटिस्ट पेशंटच्या तोंडाचं माप घेतो, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे पाठवतो, आणि पुढचं सगळं आमच्या लॅबमध्ये होतं. लॅब म्हणजे डोंबिवलीत, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, दोन खोल्या. तिथं गेली सव्वीस वर्षं मी प्लास्टर कालवतो, मेण वितळवतो, दात लावतो. ज्यांच्या तोंडात माझं काम बसतं त्यांच्यापैकी बहुतेकांना मी जन्मात पाहिलेलं नाही. कवळी चांगली जमली, तर ती कवळी आहे हे शेजाऱ्यालाही कळत नाही. लपून राहणं हीच आमच्या कामाची पावती.

म्हणून जुलैमध्ये भाचीनं फोन करून विचारलं, “मामा, तुला मुखवटा करता येतो का?” तेव्हा मी जरा गडबडलो. मुखवटा म्हणजे उलटंच सगळं. शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसायला हवा.

भाची आठवीत आहे. त्यांच्या सोसायटीच्या गणपतीत दर वर्षी मुलांचं नाटक असतं, आणि यंदा ते हिनंच लिहिलं होतं. जालंधराची गोष्ट. समुद्रातून जन्मलेला हा असुरांचा राजा राहूला दूत करून कैलासावर पाठवतो, निरोप काय, तर पार्वती मला द्या. शंकराच्या भुवयांमधून रागाच्या झोतासरशी एक प्राणी बाहेर पडतो. सिंहाचं तोंड, लवलवती जीभ, वाळलेलं अंग. तो राहूला खायला धावतो. राहू शंकरालाच शरण जातो, शंकर त्याला सोडवतो, आणि तो प्राणी म्हणतो, मी भुकेला आहे, आता मी काय खाऊ? शंकर सांगतो, स्वतःचे हातपाय खा. तो खातो. हात, पाय, पोट, छाती, करत करत शेवटी फक्त तोंड उरतं. शंकर प्रसन्न होतो, त्याला कीर्तिमुख असं नाव देतो आणि सांगतो, तू माझ्या दाराशी राहा, जो तुझी पूजा करणार नाही त्याची पूजा मला पोचणार नाही. स्कंदपुराणात आहे ही गोष्ट.

“तू शंकर होणार?” मी विचारलं.

“छे. मी तो.” मग जरा थांबून, “आणि मामा, त्याला अंगच नाही ना, म्हणजे ड्रेसचा खर्च नाही.”

हे शेवटचं वाक्य तिच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हटलेलं होतं.

कीर्तिमुख आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं आणि कुणी नीट पाहिलेलं नसतं. आईच्या देवघरातल्या पितळी प्रभावळीच्या टोकाला एक आहे. आजीनं चिंचेनं आणि आईनं पितांबरीनं ते इतकी वर्षं घासलंय, की त्याचं नाक गेलंय, डोळ्यांच्या जागी दोन गुळगुळीत टेंगळं राहिलीत. मी लहानपणी त्याला बेडूक समजायचो. त्याच्यावरून मुखवटा करणं शक्य नव्हतं, म्हणून एका रविवारी भाचीला घेऊन अंबरनाथला गेलो. डोंबिवलीहून लोकल पकडली की कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि मग अंबरनाथ, एवढं ते जवळ. तरी मी तिथं याआधी एकदाच, शाळेच्या सहलीत गेलो होतो. वालधुनीच्या काठचं शिलाहारांचं देऊळ, शिलालेखातला शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. भिंतीचा एक वीतभर तुकडासुद्धा कोरल्यावाचून सोडलेला नाही. पावसानं काळा दगड आणखी काळा झाला होता, आणि गाभाऱ्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर ओल्या पावलांची रांग लागली होती. आम्ही मात्र देवाला घाईनं नमस्कार करून मंडपातल्या खांबांपाशी टॉर्च घेऊन उभे. टॉर्च समोरून मारला तर नुसता दगड दिसतो. बाजूनं, जवळजवळ दगडाला टेकवून मारला की तोंडं उठतात. लॅबमध्ये मेणावरचा खळगा बघायचा असेल तर आम्ही दिवा असाच आडवा धरतो.

बाहेर आलेले डोळे. त्यांच्यावर वळून कुरळ्या झालेल्या भुवया. दोन शिंगं. फुगलेल्या नाकपुड्या, गालांवर वळ्या, वरच्या ओठाखाली दातांची रांग आणि दोन्ही टोकांना सुळे. आणि त्या खाली...

“मामा, खालचं तोंड कुठेय?”

खालचं तोंड नव्हतंच. हनुवटी नाही, खालचे दात नाहीत. वरच्या दातांशी चेहरा संपतो आणि तिथून मोत्यांच्या माळा लोंबतात.

मी तिथंच हसायला लागलो, आणि भाचीला ते का हे समजावून सांगावं लागलं. आमच्या धंद्यात वरची कवळी म्हणजे सुख. ती टाळूला चिकटून बसते, पेशंट खूश, डॉक्टर खूश. खालच्या कवळीला टाळू नाही. हाडाची घोड्याच्या नालेसारखी एक पट्टी, तीही वयानुसार झिजलेली, आणि मधोमध वळवळणारी जीभ. बोलताना उठते, खाताना सरकते, हसताना टोचते. आमच्याकडे परत येणाऱ्या दहा कवळ्यांतल्या आठ खालच्या. आणि इथं साडेनऊशे वर्षांपूर्वी कुणी पाथरवट ती भानगडच नको म्हणून जबडा वरचाच करून मोकळा झालाय. मागाहून वाचलं तेव्हा कळलं, की हा चेहरा जावापर्यंत गेलाय, तिथं त्याला ‘काल’ म्हणतात. मध्य जावातल्या जुन्या देवळांत, बोरोबुदूरच्या दारांवरसुद्धा, त्याला खालचा जबडा नाही. पुढं पूर्व जावातल्या कारागिरांनी तो बसवला. त्यांच्या धाडसाला माझा नमस्कार.

पण परतीच्या लोकलमध्ये माझ्या डोक्यात वेगळंच चालू होतं. आख्खं तोंड झाकणाऱ्या मुखवट्याची मोठी अडचण आवाजाची. आत बोललेलं आतच घुमतं. या मुखवट्याला खालचा जबडा नाही, म्हणजे खाली जागा मोकळी. तिथं मुलीची स्वतःची हनुवटी येणार, स्वतःचे ओठ, स्वतःचे खालचे दात. वरचा जबडा दगडातला आणि खालचा आठवीतल्या मुलीचा.

बाइट, म्हणजे वरच्या-खालच्या दातांची बैठक, जुळवायची झाली तर आधी तिच्या चेहऱ्याचं माप हवं.

माप घ्यायला आम्ही आल्जिनेट वापरतो. समुद्रातल्या शेवाळापासून होणारी पावडर. पाण्यात कालवली की दोन-तीन मिनिटांत खरवसासारखी घट्ट होते. तोंडातल्या मापाला तेवढा वेळ पुरतो, आख्ख्या चेहऱ्याला नाही. उपाय सोपा, पाणी जितकं थंड तितकं ते सावकाश घट्ट होतं. मी बर्फाचं पाणी घेतलं. भाची लॅबच्या बाकड्यावर आडवी, केसांवर पोहायची टोपी, भुवयांना व्हॅसलीन, डोळे मिटलेले. बहीण शेजारी तिचा हात धरून बसलेली, कारण नाकपुड्यांवर कुणाचं तरी सतत लक्ष हवं, हे मी आधीच बजावलं होतं. पहिला गार गोळा कपाळावर पडला तशी ती किंचाळली. नंतर बोलायची सोय नव्हती, म्हणून बोटांनी खुणा. हे आल्जिनेट पेशंटना मळमळू नये म्हणून पुदिन्याच्या वासाचं असतं. नंतर ती म्हणाली, “कुणीतरी मला टूथपेस्टमध्ये पुरतंय असं वाटत होतं.” वरून प्लास्टर बँडेजच्या पट्ट्या लावल्या, हाड मोडल्यावर लावतात त्याच. त्या घट्ट झाल्यावर तिला आतल्या आत चेहरा वाकडातिकडा करायला सांगितलं. माप पॉक् असा आवाज करत सुटलं. लगेच त्यात डेंटल स्टोन, म्हणजे आमचं जास्त कडक प्लास्टर, ओतला. आल्जिनेट ठेवून चालत नाही, पाणी सोडतं आणि आकसतं. अर्ध्या तासानं बहिणीनं टेबलावरचा पांढरा, डोळे मिटलेला चेहरा पाहिला आणि म्हणाली, “यावर काहीतरी झाक बाई.”

झाकायला माती होतीच. आमच्या गल्लीच्या टोकाला गणपतीचा कारखाना आहे. तिथल्या मूर्तिकारांकडे शाडू मागितली. ऐन सीझनमध्ये कुणी माती मागायला येणं म्हणजे लग्नघरी वाटीभर साखर मागायला जाण्यासारखं, पण त्यांनी दिली, अर्धं पोतं, वर बांबूच्या दोन कोरण्या. शाडू रात्रभर भिजवली, सकाळी मळली. मेणाची सवय झालेल्या हातांना माती विचित्र वाटते. मेणाला तापलेलं हत्यार लागतं, हात आणि मेण यांच्यामध्ये कायम लोखंड आणि ज्योत असते. मातीला अंगठा लावला की अंगठाच उमटतो. पहिल्या दिवशी मी पुसतच बसलो. माझ्या कामात बोटाचा ठसा म्हणजे चूक.

आणि पहिल्याच दिवशी मोठी चूक केली. मी दात आधी केले. दुसरं काय करणार? जे येतं ते हात आधी करतात. बाकीचं डोकं म्हणजे नुसता मातीचा लोंबता गोळा, आणि त्याच्या खाली दोन तास खपून केलेले, लेक्रॉननं कोरलेले सुबक सुळे. लेक्रॉन हे आमचं कोरायचं हत्यार, एका टोकाला पातं आणि दुसऱ्या टोकाला चमच्यासारखं. मूर्तिकार संध्याकाळी सहज डोकावले. म्हणाले, “अहो, मुंडावळ्या बांधून झाल्या, पण नवरा कुठाय?”

बरोबर होतं त्यांचं. दुसऱ्या दिवशी कपाळ वर सरकवायची वेळ आली तेव्हा दातांना जागाच उरली नाही, आणि ते सुळे मी स्वतःच्या हातानं चेपून टाकले. मग आधी नुसते ढोबळ आकार. कवटी, गालांची हाडं, डोळ्यांचे दोन गोळे. डोळ्यांवर भुवयांची छत्री. चार दिवस एकही रेघ नाही. रोज रात्री ओलं फडकं, वर पॉलिथिन, कारण शाडू सुकली की तडकते. पावसाळा होता, तेवढी एक सोय. रोज सकाळी फडकं काढताना पोटात जरासं धस्स व्हायचं, आत ओला, काळपट, डोळे वटारलेला चेहरा. लॅबमधला माझा मदतनीस पोरगा येताना आधी त्याला “गुड मॉर्निंग सर” म्हणायला लागला.

डोळ्यांचा प्रश्न बराच काळ अडून बसला. कीर्तिमुखाचे डोळे भाचीच्या कपाळावर येत होते. तिचे स्वतःचे डोळे आले त्या डोळ्यांच्या खाली, गालांच्या वळ्यांमध्ये. म्हणजे बघायची भोकं त्या वळ्यांतच लपवायची. वळी जितकी खोल, तितकी भोकं गडप. तोवर मी वळ्यांना नुसती सजावट समजत होतो. आता त्या हिशेबानं एकेक वळी पुन्हा बसवली, टॉर्च आडवा धरून, सावली कुठं पडते ते बघत.

मग एक दिवस चेहरा पूर्ण झाला आणि मेलेला निघाला. सगळं मापात होतं. मी डिव्हायडर लावून डावी-उजवी बाजू तपासली होती, केसभराचा फरक नव्हता. तरी तो कॅलेंडरवरच्या छापील राक्षसासारखा दिसत होता. आरशात धरून पाहिला, तसाच. वैताग आला, कारण दुखणं ओळखीचं होतं आणि मी ओळखलं नव्हतं. नवीन मुलं लॅबमध्ये येतात तेव्हा दात असेच लावतात, पेटीच्या पट्ट्यांसारखे सरळ, एका रेषेत. माप बरोबर, तोंडात घातले की खोटे. मग त्यांना शिकवावं लागतं. पुढच्या मोठ्या दाताशेजारचा धाकटा दात किंचित फिरव. म्हाताऱ्या माणसाची कवळी असेल तर सुळ्याचं टोक घास, सत्तरीच्या माणसाचा सुळा टोकदार नसतो. हे मी दर वर्षी कुणाला ना कुणाला सांगतो. आणि स्वतः मात्र डिव्हायडर घेऊन बसलो होतो. अंबरनाथचे फोटो मोठे करून पाहिले. त्या खांबावरच्याचेही दोन डोळे सारखे नव्हते, एक नाकपुडी दुसरीपेक्षा रुंद होती. डावी भुवई मी अंगठ्यानं वर ढकलली, अर्धा सेंटिमीटर असेल. उजवा गाल जरा खाली ओढला. बस. तो बघायला लागला.

आता साचा. हा माझा प्रांत, असं मी मनात म्हटलं आणि तिथंच तोंडावर आपटलो.

कवळीचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. आधी मेणात हिरड्या घडवायच्या, त्यात दात बसवायचे. ते सगळं फ्लास्क नावाच्या पितळी डब्यात प्लास्टरमध्ये गाडायचं. प्लास्टर घट्ट झालं की डबा उकळत्या पाण्यात. मेण वितळून वाहून जातं, दात प्लास्टरला धरून राहतात, आणि मेणाच्या जागी पोकळी. त्या पोकळीत ॲक्रिलिक दाबायचं. याला आम्ही डीवॅक्सिंग म्हणतो, मी दिवसातून तीन-चारदा करतो. मुखवट्यातही तेच. मातीवर प्लास्टर, माती काढायची, पोकळीत कागद भरायचा. फरक एवढाच, की मेण वितळतं आणि माती वितळत नाही. मातीच्या आकारात कुठं आत वळलेली खाच असेल, तर प्लास्टर तिच्यात शिरतं आणि अडकतं. अंडरकट. ‘अंडरकट बघ’ हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा उच्चारलंय तितक्या वेळा ‘जेवलास का’ हेही कुणाला विचारलेलं नाही.

शिंगं वेगळी करायचं मी आधीच ठरवलं होतं. नाकपुड्यांत मातीचे बोळे भरले. प्लास्टर नेहमीच्या पद्धतीनं, पाण्यात पावडर सोडत, वर कोरडं बेट दिसेपर्यंत, आणि मगच ढवळणं. पाच लिटरच्या बादलीत इतकं प्लास्टर मी कधी कालवलं नव्हतं. घट्ट होताना प्लास्टर तापतं. एवढा मोठा गोळा तर असा तापला, की तळहात ठेवला तर ताज्या भाकरीवर ठेवल्यासारखा. थंड झाल्यावर उलटा केला, ओढला. निघेना. हलवला. निघेना. मदतनीस म्हणाला, “सर, ठोकू का?” मी म्हटलं, हळू ठोक. आणि डाव्या भुवईच्या कुरळ्या टोकाशी, जिथं मी नंतर अंगठ्यानं ढकललं होतं, तिथं टचकन आवाज झाला. साच्याचे तीन तुकडे. ढकलताना भुवईखाली खाच तयार झाली होती. जीव आला तो तिथूनच आणि साचा मोडला तोही तिथूनच.

सव्वीस वर्षं. अंडरकट. मदतनीस काही बोलला नाही, त्याबद्दल दिवाळीत त्याला जास्त बोनस द्यायचं ठरवलं. तुकडे नीट जुळत होते, कडेनं सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून आवळले. खरं तर ते बरंच झालं. तुकड्यांचा साचा कागद न फाटता उघडता आला असता. हे मात्र मी मदतनिसाला सांगितलं ते असं, की जणू तसंच ठरवलं होतं.

माती काढायच्या दिवशी भाची मुद्दाम आली. तीन आठवडे ती व्हिडिओवर रोज तो चेहरा बघत होती. मी चमच्यानं खरवडायला सुरुवात केली. नाक गेलं, डोळे गेले. पंधरा मिनिटांत सगळी शाडू बादलीत, नुसता चिखल. ती गप्प झाली. मग म्हणाली, “हे दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं नसतं का होत?”

मी साचा स्पंजनं पुसला, टेबलावर भिंतीला टेकवून उभा केला, आणि तिला म्हटलं, तिकडच्या दारापाशी उभी राहा आणि एक डोळा मीट. साच्यात चेहरा आत गेलेला असतो, सगळं उलटं, नाकाच्या जागी खड्डा. पण लांबून, खालून उजेड असला की डोळ्याला ते पटत नाही. माणसाच्या मेंदूला चेहरा बाहेर आलेलाच माहीत आहे, आत गेलेला चेहरा तो मान्य करत नाही. त्यामुळे तो पोकळ खड्डा फुगून बाहेर आल्यासारखा दिसतो. आणि तुम्ही चालायला लागलात की तो मान वळवून तुमच्याकडे बघतो. ती दारापासून खिडकीपर्यंत गेली. तो तिच्यामागे वळला. ती परत आली. तो परत वळला. ती खाली बसली, तशी त्यानं मान खाली घातली.

“मामा, हा रिकामा आहे ना?”

“रिकामाच.”

“मग हाच जास्त बघतोय.”

दिवे लागेपर्यंत ती तेच करत होती, मदतनीसही. मी एका बाजूला बसून कुणा आजोबांच्या कवळीतलं मेण उकळत होतो. इतक्या वर्षांत फ्लास्क उघडल्यावर आतल्या पोकळीकडे मी दोन सेकंदांहून जास्त कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. एका अनोळखी माणसाच्या टाळूच्या वळ्या, उलट्या.

कागद की रबर, याचा निकाल आधीच लागला होता. पातळ रबर साच्यात ओतून मुखवटे करतात, पण त्याला अमोनियाचा वास, आणि आत घामाच्या धारा. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यातले मुखवटेसुद्धा पूर्वी लाकडी असत, नंतर कागदाच्या लगद्याचे व्हायला लागले. रात्रभर संबळाच्या तालावर नाचायचं तर डोक्यावर हलकंच हवं. आमच्या आजीच्या हातच्या लगद्याच्या टोपल्या घरात होत्याच. ती जुने पेपर भिजवून, मेथ्या वाटून घालून, उखळात कुटायची आणि उलट्या पातेल्यावर थापायची. मेथीनं लगदा चिकट होतो आणि कीड लागत नाही. भुवया आणि गालांसाठी मी तसाच लगदा केला, बाकी ठिकाणी मैद्याच्या खळीत पेपरचे तुकडे, एक थर पेपरचा, एक थर खाकी कागदाचा, म्हणजे कुठं थर चुकला ते रंगावरून कळतं. असे सात थर. जुने लोक खळीत मोरचूद घालत. पोरीच्या तोंडावर बसणाऱ्या वस्तूत ते विष कशाला, म्हणून मी लवंगेच्या तेलाचे चार थेंब टाकले. दातांच्या धंद्यात त्याची बाटली कायम असते.

तरी बुरशी आलीच. ऑगस्टमधली डोंबिवली, तिथं अंगावरचा शर्ट सुकत नाही. तिसऱ्या दिवशी आतल्या बाजूला पांढरी लव. पुसली, टेबल फॅन लावला, मागं पिवळा बल्ब. लॅबभर मेथी, लवंग आणि ओल्या पेपरचा वास. एक डॉक्टर केस द्यायला आले ते दारातच थांबून म्हणाले, “बाळंतीण आहे का कोणी?”

सुळे मात्र मी कागदाचे करू दिले नाहीत. तिथं इभ्रतीचा प्रश्न होता. खरे ॲक्रिलिकचे केले, फ्लास्कमध्ये, रीतसर. भाचीला शेड गाइड दिलं, दाताच्या रंगांचे नमुने असलेली पट्टी. तिनं सगळ्यात पांढरा बाजूला सारला आणि बराच वेळ घेऊन ए ३.५ निवडला, चहा-विडीवाल्या माणसांना लागतो तो मळकट पिवळा. “उपाशी आहे तो,” ती म्हणाली, “दात घासत बसला असेल का?”

राहिला ड्रेस. अंग नसलेल्या प्राण्याला काय नेसवायचं? मला आमच्याकडच्या दशावतारातला संकासूर आठवला. सिंधुदुर्गातलं आमचं गाव, जत्रेतली मध्यरात्र. काळे कपडे, काळं तोंड, त्यावर पांढरे डोळे आणि लाल जीभ. तो वेद चोरायला येतो आणि मालवणीत असं काही बोलतो, की भीती आणि हसू एकाच वेळी फुटतं. मंडपाच्या कडेला अंधारात गेला की नुसते डोळे आणि जीभ शिल्लक. तेच करायचं ठरलं. काळा पडदा, काळा कुर्ता, काळी सलवार. वर कोपरापर्यंत भगवे हातमोजे आणि गुडघ्यापर्यंत भगवे मोजे. एकेक अवयव खायचा म्हणजे भगवं ओढून काढायचं, खाली काळं, आणि तो हात पडद्यावर दिसेनासा.

पण ओढायचं कशानं? दोन्ही हात तर संपत चाललेले. तालमीत भाचीनं डाव्या हातमोज्याचं टोक दातांत धरलं आणि मान झटकली. वरून मुखवट्याचे सुळे, खालून तिचे दात, मध्ये भगवं कापड. मी बघत होतो. बाइट अशी बसली होती, की आमच्या आर्टिक्युलेटरवरही, म्हणजे जबड्यासारख्या उघडमीट करणाऱ्या यंत्रावरही, बसत नाही.

नाटक पाचव्या दिवशी झालं. प्रमुख पाहुणे इतकं बोलले, की राहू झोपला. माइक दोनदा बंद पडला, पण हिचा आवाज मागपर्यंत पोचत होता. पहिला मोजा गेला तेव्हा मुलं हसली. दुसऱ्याला कमी हसली. दोन्ही हात गेल्यावर ती खाली बसली, एक पाय तोंडाशी आणला, आणि मंडपात फक्त पंख्याचा आवाज उरला. शेवटी काळ्या पडद्यावर तोंड तेवढं राहिलं, डावी भुवई वर, आणि त्या खाली तिची हनुवटी चावत होती, काहीच नसलेलं.

कुणीतरी टाळी वाजवली. तिसऱ्या रांगेत एक आजोबा तोंड उघडं टाकून हसत होते, आणि त्यांच्या वरच्या उजव्या धाकट्या दाताकडे माझं लक्ष गेलं. किंचित फिरवलेला. सुळ्याचं टोक घासलेलं. मी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं असावं, कारण त्यांनी तोंड मिटलं.

प्रसादाच्या वेळी भाची मुखवट्यासकट आली, हातात मोदक. सगळ्या बारक्या पोरांना बघायचं होतं की तो खातो कसा, म्हणून तिनं मुखवटा काढला नव्हता. एक घास खाऊन ती थांबली आणि ओठावर बोट ठेवलं.

“मामा, हा डावा दात टोचतो. ‘भूक’ म्हणताना नाही, ‘पोट’ म्हणताना.”

मी खिसे चाचपले. आर्टिक्युलेटिंग पेपरची घडी पाकिटात असतेच, कार्बनसारखा निळा पातळ कागद. तिथंच मंडपाच्या ट्यूबलाइटखाली तिला खुर्चीत बसवलं, कागद सुळ्याखाली सरकवला, म्हटलं, म्हण पोट.

“पोट.”

“परत.”

“पोट. पोट. पोट.”

निळा ठिपका सुळ्याच्या आतल्या कडेला उमटला होता. उद्या लॅबवर घेऊन ये, म्हटलं, हाय पॉइंट आहे, घासून देतो.